पदरचं काही

पॅनेलवर आम्ही नऊ जण.
मानधन नाही. कॉफी आहे,
आणि ईर्मेलीने घरून आणलेला वेलदोड्याचा पाव.
कुओपिओच्या ग्रंथालयामागची खोली, नोव्हेंबर,
तीन वाजताच खिडकीत काळोख येऊन बसलेला.

गेल्या वर्षीच्या अहवालात संघाने छापलं होतं:
सदस्य सर्वसाधारणपणे समाधानी आहेत.
त्यांना विचारलं कुणी, असं वेइक्कोने भर सभेत विचारलं,
म्हणून वेइक्को आता पॅनेलवर आहे.
विचारणाऱ्याच्याच गळ्यात घंटा.

प्रश्न चौदा.
माझ्या वाट्याला उत्तरेकडची एकवीस नावं.

आम्ही खुणांच्या भाषेचे दुभाषे.
धंद्याचा पहिला नियम: पदरचं काही घालायचं नाही.
समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं.
या तोंडाने मी न्यायालयात सांगितलंय, हो, मीच ढकललं त्याला.
या तोंडाने बेकरीत नोकरी मागितली आहे,
घटस्फोट मागितला आहे, भावाला उसने पैसे नाकारले आहेत,
डॉक्टरांना विचारलं आहे, माझे किती महिने उरले?
आणि संध्याकाळी घरी येऊन बटाटे सोलले आहेत.

अशा माणसांना गाठून विचारायचं,
तुमचं मत काय?

पहिले सहा म्हणाले, ठीक चाललंय.
सातव्याने विचारलं, बाकीच्यांचं काय म्हणणं पडलं?
एकीने माझाच प्रश्न मला इतका नेमका ऐकवला
की मीच उत्तर देऊन बसले.
वर्गणीबद्दल मात्र ज्याला त्याला स्वतःचा आवाज सापडला.

मग कयानीची हिल्का वाराला.
एकतीस वर्षं काम, उजवा खांदा कामातून गेलेला.
पडद्यावर ती, मागे दोरीवर ओले लोकरी मोजे.
प्रश्न नववा: संघाकडून तुम्हाला काय हवंय?
हाताची घडी, तोंडावर बोट म्हटल्यावर
वर्गात बसतात तशी ती बसून राहिली.
मग म्हणाली,
"दुभाषीचं म्हणणं आहे की दुभाषी थकली आहे."

काम चालू असताना आम्ही असंच बोलतो,
स्वतःचं काही सांगायचंच झालं तर:
दुभाषीला नीट दिसलं नाही. दुभाषीला पाणी हवंय.
पण आत्ता काम चालू नव्हतं.
तिच्या स्वयंपाकघरात तिसरं कुणी नव्हतं.

"मार्चमध्ये दुभाषीने एका आईला सांगितलं
की बाळाचं हृदय थांबलंय.
डॉक्टर बोलून निघून गेले.
शब्द दुभाषीच्या हातांतून आले होते,
म्हणून ती आई या हातांकडेच बघत राहिली.
दुभाषीला नंतर कुणाला तरी फोन करायचा होता.
दहा मिनिटं. सल्ला नको.
रकाना आहे का त्याला?"

रकाना नव्हता.
'इतर'मध्ये दोन ओळी होत्या.

सभेत ज्याने त्याने आपापले टक्के वाचले.
माझी पाळी आली आणि सवयीने, निव्वळ सवयीने,
मी वाचलं, "मी थकले आहे. मार्चमध्ये मी एका आईला..."
ईर्मेलीच्या हातात पावाचा तुकडा तसाच.
ओस्मो अध्यक्ष. त्यांनी चष्मा काढला:
हे सदस्याचं, की तुमचं?

चौदा प्रश्नांत हा नव्हता.
बाहेर कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं,
त्याचं होईपर्यंत मी गप्प राहिले.
मग म्हटलं, लिहून तर घ्या.

वर्गणी सहा युरोंनी वाढलीच.
न्यायालयातल्या गार बाकांबद्दल पत्र गेलंय म्हणतात.
आणि फोनची एक यादी झाली आहे,
दर संध्याकाळी एक नाव.
माझा मंगळवार, सात ते नऊ.
अजून कुणी केलेला नाही.
टेबलाशी दिवा लावून बसते,
हात रिकामे, समोर.

काल पावणेनऊला मीच कयानीचा नंबर लावला.
कोण बोलतंय, तिने विचारलं.
सांगायला मला जरा वेळ लागला.